‘सीई सर्टिफाइड बोर्ड वापरला’: एका वाक्याची चिरफाड



संशोधनाची तयारी करताना सगळे सांगतात, ‘क्रिटिकली वाचा’. पण म्हणजे नेमकं काय करायचं, हे फार कमी जण दाखवतात. म्हणून आज आख्खा पेपर न घेता एकच वाक्य घेऊ या. इलेक्ट्रॉनिक्स, आयओटी, बायोमेडिकल असल्या विषयांच्या थिसिसमध्ये मेथडॉलॉजीच्या प्रकरणात ते या ना त्या रूपात भेटतं:

“या प्रयोगात सीई सर्टिफाइड बोर्ड वापरला असून तो सुरक्षित आहे.”

वाचताना खटकत नाही ना? गाइड सही करतात, एथिक्स कमिटी मान डोलावते. पण नीट बघितलं तर या छोट्याशा वाक्यात तीन वेगवेगळे दावे आहेत. एक, कुणीतरी हा बोर्ड तपासून सर्टिफिकेट दिलंय. दोन, तो शिक्का तुम्ही ज्या अवस्थेत बोर्ड वापरलात त्या अवस्थेला लागू आहे. आणि तीन, शिक्का आहे म्हणजे वस्तू सुरक्षित आहे. तिन्ही दावे एकेक करून तपासू. शेवटी ज्या कायद्यावर हे वाक्य टेकलंय, त्या कायद्याच्या भाषेवरही थोडी टीका करू, कारण सगळा दोष विद्यार्थ्यांचा नाही.

दावा पहिला: ‘सर्टिफाइड’

कुणी केलं सर्टिफाय? हा प्रश्न विचारला की बहुतेक जण म्हणतात, ‘युरोपियन युनियनने’. तसं काही नाही. ब्रुसेल्समध्ये सीईचे शिक्के वाटणारं ऑफिस नाही. सीई मार्क उत्पादक स्वतः लावतो. त्याचा अर्थ असा: ‘या वस्तूला युरोपचे जे जे कायदे लागू होतात, ते मी पाळलेत आणि त्याची जबाबदारी माझी.’ २००८ च्या ७६५ क्रमांकाच्या रेग्युलेशनमध्ये या चिन्हाचे सर्वसाधारण नियम आहेत. त्यात चिन्हाची किमान उंची ५ मिलिमीटर असावी इथपर्यंत तपशील आहेत.

साध्या इलेक्ट्रॉनिक बोर्डासाठी सहसा जी पद्धत वापरतात तिला ‘मॉड्यूल ए’ म्हणतात. उत्पादक स्वतः जोखमीचा विचार करतो, टेस्ट करतो किंवा करून घेतो, टेक्निकल फाइल बनवतो, ‘डिक्लरेशन ऑफ कन्फॉर्मिटी’ नावाच्या कागदावर सही करतो आणि शिक्का छापतो. ती फाइल १० वर्षं जपून ठेवायची असते आणि सरकारी तपासनिसाने मागितली तर दाखवायची असते. बाहेरची मान्यताप्राप्त संस्था, म्हणजे ‘नोटिफाइड बॉडी’, या सगळ्यात कुठेही नसू शकते. काही ठिकाणी ती लागते, उदाहरणार्थ रेडिओ असलेल्या उपकरणाने स्पेक्ट्रमविषयीच्या अटींसाठी ठरलेली हार्मोनाइज्ड स्टँडर्ड्स वापरली नसतील तर. पण ते सरसकट नाही.

आता आपल्याकडची पद्धत शेजारी ठेवून बघा, फरक लगेच कळेल. भारतात कंपल्सरी रजिस्ट्रेशन ऑर्डरखाली येणाऱ्या वस्तू, जसे मोबाइल चार्जर, पॉवर अॅडॅप्टर, बीआयएसने मान्यता दिलेल्या लॅबमध्ये तपासाव्या लागतात आणि मग बीआयएसकडून रजिस्ट्रेशन नंबर मिळतो. तो नंबर वस्तूवर छापलेला असतो. म्हणजे तिथे कुणीतरी बाहेरचा माणूस मध्ये आहे. आपण या सवयीचे असल्यामुळे सीई दिसला की आपल्याला वाटतं, तिथेही तसंच असणार.

म्हणून ‘सीई सर्टिफाइड’ हा शब्दप्रयोगच चुकीचा आहे. ‘सीई मार्क असलेला’ हे बरोबर. ‘उत्पादकाने अनुरूपता जाहीर केलेला’ हे त्याहून बरोबर. हा शब्दच्छल वाटेल, पण संशोधनात ‘दावा’ आणि ‘पुरावा’ यांत जेवढं अंतर असतं तेवढंच इथे आहे. शिक्का हा दावा. टेस्ट रिपोर्ट हा पुरावा. आपण दावा उद्धृत करतो आणि पुरावा दाखवल्यासारखा चेहरा करतो.

जाता जाता एक किस्सा. सीईची दोन अक्षरं जवळजवळ छापलेली दिसली की ‘हा चायना एक्सपोर्टचा शिक्का’ असं सांगणारी पोस्ट तुम्हालाही आली असेल. युरोपियन संसदेत यावर प्रश्न विचारला गेला होता. तेव्हा युरोपियन कमिशनने सांगितलं की असा कोणताही अधिकृत ‘चायना एक्सपोर्ट’ शिक्का असल्याचं आम्हाला माहीत नाही. चुकीच्या मापात छापलेलं ते सीई चिन्हच आहे आणि तो त्या चिन्हाचा गैरवापर आहे. गंमत म्हणजे या अफवेच्या पोटातही तोच गैरसमज आहे: खरा शिक्का कुणीतरी ‘देतं’ आणि खोटा कुणीतरी ‘बनवतं’. प्रत्यक्षात अक्षरांतलं अंतर अगदी अचूक ठेवून छापलेल्या शिक्क्यामागेही टेक्निकल फाइलचा पत्ता नसू शकतो. युरोपच्या ‘सेफ्टी गेट’ या सूचना यंत्रणेची साइट उघडा आणि बाजारातून काढलेल्या चार्जरांचे, अॅडॅप्टरांचे फोटो बघा. कित्येकांवर सीई दिसेल.

दावा दुसरा: ‘बोर्ड’

इथे एक खरं उदाहरण घेऊ, कारण त्याने हा सगळा विषय उघडा पाडला. रास्पबेरी पाय.

२९ फेब्रुवारी २०१२ रोजी हा ३५ डॉलरचा छोटा कॉम्प्युटर विक्रीला आला. केस नाही, डबा नाही, उघडा हिरवा बोर्ड. पहिली खेप १०,००० ची. मागणी इतकी की वितरकांच्या साइट पहिल्याच दिवशी कोलमडल्या. आणि मार्चमध्ये गाडी अडली: वितरकांनी सांगितलं, सीई मार्क नसेल तर आम्ही माल पाठवणार नाही.

फाउंडेशनची आधीची समजूत अशी होती की हा डेव्हलपमेंट बोर्ड आहे, बीगलबोर्डसारखे तत्सम बोर्ड सीईशिवाय विकले जातात, तेव्हा आपलंही चालेल. पूर्ण तयार, केसमध्ये बसवलेला प्रॉडक्ट आला की मग शिक्का बघू. वितरकांशी चर्चा झाल्यावर त्यांनी मान्य केलं की एवढ्या मोठ्या संख्येने आणि अशा वापरकर्त्यांना विकायच्या वस्तूला ही पळवाट लागू होणार नाही. मग साउथ वेल्समधल्या पॅनासॉनिकच्या ईएमसी लॅबमध्ये टेस्ट झाल्या. एप्रिलच्या सुरुवातीला बातमी आली की बोर्ड हार्डवेअरमध्ये काहीही बदल न करता पास झाला.

ही गोष्ट सहसा ‘लालफितीने नवनिर्मिती कशी अडवली’ अशा सुरात सांगितली जाते. मला ते वाचन पटत नाही. फाउंडेशनचा युक्तिवाद वस्तूकडे बघून केलेला होता: उघडा बोर्ड आहे ना, मग तो डेव्हलपमेंट बोर्ड. कायदा मात्र वस्तू कशी दिसते यापेक्षा ती कुणासाठी आहे हे विचारतो. आणि ही वस्तू तर जाहीरपणे शाळकरी मुलांसाठी बनवलेली होती, हाच तिचा अभिमान होता. घरातल्या टीव्हीला जोडायची, मुलाने खेळायची वस्तू ‘इंजिनिअरांच्या बाकावरचं साधन’ म्हणून सोडून देता येत नाही. ज्या उद्देशामुळे हा बोर्ड थोर ठरला, त्याच उद्देशाने सवलत काढून घेतली. यात मला लालफीत दिसत नाही, सुसंगती दिसते.

पण टीकेची दुसरी बाजूही आहे. २०१२ साली लागू असलेल्या ईएमसी डायरेक्टिव्हमध्ये, म्हणजे २००४/१०८/ईसीमध्ये, डेव्हलपमेंट बोर्डांसाठी अशी स्पष्ट सवलत लिहिलेलीच नव्हती. ‘तयार उपकरण’ म्हणजे काय, याच्या अर्थावर सगळं चाललेलं होतं. म्हणजे धंद्यातल्या लोकांनी एक प्रथा पाडली होती आणि तिला कायदा समजत होते. तुम्हाला संशोधनात हे वारंवार भेटेल: ‘सगळे असंच करतात’ हे वाक्य हळूहळू ‘असाच नियम आहे’ बनतं. मूळ कागद उघडून बघायची सवय म्हणून तर लावायची.

नव्या कायद्याने काय केलं?

२०१४/३०/ईयू या नव्या ईएमसी डायरेक्टिव्हने, जो २० एप्रिल २०१६ पासून लागू झाला, ही सवलत लेखी आणली. रेडिओ असलेल्या उपकरणांच्या २०१४/५३/ईयू या डायरेक्टिव्हमध्येही तशीच आहे. मराठीत सांगायचं तर ती अशी: मागणीनुसार खास बनवलेली मूल्यमापन किट्स, जी व्यावसायिकांसाठी आहेत, आणि फक्त संशोधन-विकासाच्या ठिकाणी, त्याच कामासाठी वापरायची आहेत, त्यांना हा कायदा लागू नाही.

आता हे वाक्य शब्द मोजत वाचा. बहुतेक संशोधक ‘संशोधन’ हा शब्द दिसला की तिथेच थांबतात आणि सुटलो म्हणतात. पण अट एक नाही, चार आहेत. किट खास बनवलेलं हवं. कॅटलॉगमधून कुणीही मागवावं असं नको. वापरणारा व्यावसायिक हवा. जागा संशोधन-विकासाची हवी. आणि ‘फक्त’ हा शब्द आहे, म्हणजे दुसरीकडे कुठेही नेलं की सवलत संपली. चारही अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात.

त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे, ते फारसं कुणी वाचत नाही. वापरकर्त्याने स्वतः एखाद्या उपकरणात बसवायचे सुटे भाग किंवा उपजोडण्या, ज्या विद्युतचुंबकीय गोंगाट करू शकतात, त्यांनाही ‘उपकरण’च समजायचं असं ते म्हणतं. म्हणजे ‘हा नुसता बोर्ड आहे, पूर्ण वस्तू नाही’ हा बचाव दुकानात विकल्या जाणाऱ्या बोर्डासाठी दारातच अडतो.

माझी तक्रार इथे आहे. कायद्याचा हेतू योग्य आहे, पण ‘खास बनवलेलं’ हा शब्द वास्तवाशी जुळत नाही. आज प्रयोगशाळांत जे बोर्ड वापरतात ते जवळपास सगळे कॅटलॉगमधले असतात. चिप कंपन्यांचे इव्हॅल्युएशन बोर्ड कुणीही ऑनलाइन मागवू शकतं. त्यांच्या कागदपत्रांत ‘फक्त मूल्यमापनासाठी, तयार वस्तू नाही’ अशी ओळ असते. ही ओळ कायद्याच्या चार अटींपैकी किती पुऱ्या करते? वापरकर्ता आणि जागा यांच्याविषयी ती फार तर इच्छा व्यक्त करते, आणि ‘खास बनवलेलं’ या अटीला तर हातही लावत नाही. म्हणजे कायदा एका दुर्मीळ वस्तूला सवलत देतो आणि जी वस्तू खरोखर टेबलावर पडलेली असते तिच्याविषयी गप्प बसतो. अशा गप्प जागेतच पुन्हा प्रथा वाढतात. २०१२ चा धडा लिहून ठेवला खरा, पण अर्धाच.

तरीही एक गोष्ट कायद्याच्या बाजूने बोलायला हवी. सवलत सैल ठेवली असती तर उद्या प्रत्येक स्वस्त चार्जर ‘डेव्हलपमेंट किट’ म्हणून विकला गेला असता. अरुंद दार ठेवण्यामागे हे कारण असणार, आणि ते पटण्यासारखं आहे.

टेस्ट नेमकी कशाची होते?

दुसऱ्या दाव्यातला हा तांत्रिक भाग, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा.

बोर्डावर क्लॉक असतो. पहिल्या रास्पबेरी पायचा प्रोसेसर ७०० मेगाहर्ट्‌झवर चालायचा. चौकोनी लाटेत मूळ वारंवारतेच्या पटीतल्या अनेक वारंवारता असतात, आणि तांब्याचे मार्ग व जोडलेल्या केबल त्यांच्यासाठी अँटेनाचं काम करतात. १ मीटरची केबल ७५ मेगाहर्ट्‌झला पाव लाटेएवढी होते, म्हणजे बऱ्यापैकी चांगला अँटेना. बहुतेक वेळा बोर्डापेक्षा त्याला लावलेली वायरच जास्त ‘बोलते’.

ईएन ५५०३२ या स्टँडर्डमध्ये दोन वर्ग आहेत. बी वर्ग घरगुती वापरासाठी, ए वर्ग बाकीच्या ठिकाणांसाठी. १० मीटरवरून मोजताना ३० ते २३० मेगाहर्ट्‌झमध्ये बी वर्गाची मर्यादा ३० डेसिबल मायक्रोव्होल्ट प्रति मीटर आहे, म्हणजे साधारण ३२ मायक्रोव्होल्ट प्रति मीटर. ए वर्गाची ४०, म्हणजे १०० मायक्रोव्होल्ट. २३० ते १००० मेगाहर्ट्‌झमध्ये अनुक्रमे ३७ आणि ४७. वस्तू फिरत्या टेबलावर ठेवतात, अँटेना १ ते ४ मीटर उंचीपर्यंत वरखाली करतात आणि सर्वांत वाईट आकडा शोधतात.

पण टेबलावर काय ठेवतात? बोर्ड एकटा ठेवून चालत नाही. त्याला पॉवर सप्लाय लागतो, स्क्रीन लागते, कीबोर्ड लागतो. कुणीतरी ठरवतं की ही ‘प्रातिनिधिक’ मांडणी. जो आकडा येतो तो त्या मांडणीचा असतो. तयार टीव्हीच्या बाबतीत हे ठीक आहे, कारण घरी नेलेला टीव्ही बराचसा तसाच वापरला जातो. बोर्डाचं तसं नाही. तुम्ही त्याला दुसरा सप्लाय लावता, ४० सेंटिमीटरच्या जंपर वायरी जोडता, मोटर ड्रायव्हर अडकवता. त्या क्षणी टेस्ट झालेली वस्तू आणि तुमच्या हातातली वस्तू यांची नावं तेवढी सारखी उरतात.

या धंद्यात एक म्हण रूढ आहे: सीई अधिक सीई म्हणजे सीई नव्हे. शिक्का असलेला सप्लाय, शिक्का असलेला बोर्ड आणि शिक्का असलेलं वायफाय मॉड्यूल जोडलं तरी जुळलेली वस्तू आपोआप नियमात बसत नाही. ती तपासण्याची जबाबदारी जोडणाऱ्याची. प्रयोगात जोडणारे कोण? आपण.

दावा तिसरा: ‘म्हणून सुरक्षित’

आता सांगा, ५ व्होल्टवर चालणाऱ्या, रेडिओ नसलेल्या बोर्डावर सीई आहे. तो कशाकशाची ग्वाही देतो?

विजेच्या सुरक्षेचा कायदा म्हणजे लो व्होल्टेज डायरेक्टिव्ह, २०१४/३५/ईयू. तो ५० ते १००० व्होल्ट एसी आणि ७५ ते १५०० व्होल्ट डीसीसाठी आहे. ५ व्होल्टचा बोर्ड त्यात बसतच नाही. उरतात ईएमसी आणि रोह्स, म्हणजे शिसं, कॅडमियम वगैरे घातक पदार्थांच्या मर्यादा: शिसं ०.१ टक्का, कॅडमियम ०.०१ टक्का. ग्राहकांच्या वस्तूंना सर्वसाधारण उत्पादन सुरक्षेचा कायदाही लागू होतो, पण त्या कायद्यापोटी सीई लावत नाहीत. थोडक्यात, अशा बोर्डावरचा सीई सांगतो की हा फार गोंगाट करत नाही, बाहेरचा ठराविक गोंगाट सहन करतो आणि यात ठराविक विषारी पदार्थ मर्यादेत आहेत. ‘शॉक लागणार नाही, गरम होऊन पेटणार नाही’ हे त्या शिक्क्यातून वाचता येत नाही. वाक्यातला ‘असून’ हा शब्द ज्या कार्यकारणाचा आभास देतो, ते तिथे नाहीच.

बोर्डावर वायफाय आलं की चित्र पालटतं. रेडिओ इक्विपमेंट डायरेक्टिव्हमध्ये सुरक्षेची अट आहे आणि तिथे व्होल्टेजची खालची मर्यादा लावत नाहीत. २०१२ च्या रास्पबेरी पायवर रेडिओ नव्हता. २०१६ च्या रास्पबेरी पाय ३ वर वायफाय आणि ब्लूटूथ आलं. नाव तेच, घराणं तेच, पण लागू होणारा कायदा वेगळा.

आणि तारीखही बघा. रोह्स सीईच्या छत्रीखाली आला तो जानेवारी २०१३ पासून. इंटरनेटला जोडणाऱ्या रेडिओ उपकरणांसाठी सायबर सुरक्षेच्या अटी १ ऑगस्ट २०२५ पासून लागू झाल्या. सायबर रेझिलियन्स अॅक्ट पूर्णपणे लागू होईल ११ डिसेंबर २०२७ पासून. म्हणजे २०१२ चा, २०१८ चा आणि २०२६ चा सीई ही दिसायला एकसारखी दोन अक्षरं असली तरी त्यांच्यामागची यादी वेगळी आहे. थिसिसमध्ये नुसतं ‘सीई’ लिहिणं म्हणजे आवृत्ती न सांगता सॉफ्टवेअरचं नाव लिहिण्यासारखं.

सहनशक्तीच्या टेस्टचंही एक सांगतो. स्थिर विजेच्या धक्क्याची टेस्ट असते, स्पर्शाने ४ किलोव्होल्ट आणि हवेतून ८ किलोव्होल्ट. पास व्हायची अट अशी की धक्का बसताना काम क्षणभर बिघडलं तरी चालेल, नंतर आपोआप सुरळीत व्हायला हवं. ग्राहकाच्या दृष्टीने हे पुरेसं आहे. गाणं क्षणभर अडखळलं तर काय बिघडलं? पण तुमचा बोर्ड रुग्णाच्या चालण्याचा डेटा घेत असेल, तर तो ‘अडखळलेला क्षण’ तुमच्या ग्राफमध्ये एक टोक बनून येईल, आणि तुम्ही त्याला पडझडीची घटना समजाल. बोर्ड पास झालेला असतानाही. ग्राहकासाठी ठरवलेला निकष हा मापनाच्या विश्वासार्हतेचा निकष नव्हे.

मग बिघडतं काय?

म्हणाल, एवढं काय, एक वाक्य तर आहे. पण विचार करा. युरोपातल्या एखाद्या विद्यापीठाबरोबरचा प्रकल्प आहे. घरी एकट्या राहणाऱ्या वृद्धांकडे तुम्ही बनवलेले सेन्सर बोर्ड सहा महिने ठेवायचे आहेत. प्रस्तावात लिहिलंय: ‘सीई सर्टिफाइड घटक वापरले आहेत, शिवाय संशोधनासाठी सवलत आहे.’ दोन्ही अर्धवाक्यं कोसळतात. घटकांचे शिक्के जुळलेल्या वस्तूला पुरत नाहीत. आणि आजीबाईंचं स्वयंपाकघर ही संशोधन-विकासाची जागा नाही, आजीबाई व्यावसायिक नाहीत. ‘आम्ही विकत कुठे देतोय?’ हेही चालत नाही, कारण हे कायदे बाजारात ठेवण्याबरोबर ‘वापरात आणणं’ही धरतात.

कायद्याचं एक वेळ बाजूला ठेवू. ज्या बाईंनी विश्वासाने आपल्या पलंगाशेजारी तो डबा ठेवू दिला, त्यांना संमतीपत्रात आपण ‘प्रमाणित’ असं सांगितलं. त्यांनी तो शब्द ‘कुणीतरी मोठ्या माणसाने तपासलंय’ असाच घेतला असणार. प्रत्यक्षात जोडलेला डबा कुणीच तपासलेला नाही. इथे आपण कुणाच्या तरी विश्वासावर उभे आहोत, आणि आधार म्हणून जे वाक्य दिलंय त्याच्या तिन्ही पायांत जोर नाही.

मग लिहायचं कसं?

फार अवघड नाही. जे माहीत आहे तेवढंच लिहा, पण नेमकं लिहा. उदाहरणार्थ: “अमुक मॉडेलचा, अमुक रिव्हिजनचा बोर्ड वापरला. उत्पादकाच्या अमुक तारखेच्या डिक्लरेशनमध्ये अमुक डायरेक्टिव्ह आणि स्टँडर्ड्स नमूद आहेत. आम्ही बोर्डाला अमुक सप्लाय आणि इतक्या लांबीच्या केबल जोडल्या. या जोडणीची स्वतंत्र ईएमसी टेस्ट केलेली नाही. वापर फक्त प्रयोगशाळेत केला.” हे वाक्य कमी रुबाबदार आहे, पण परीक्षकाने कुठेही बोट ठेवलं तरी ते टिकतं.

दुसऱ्याचा पेपर वाचताना चार प्रश्न विचारा. डिक्लरेशन कुणाच्या सहीचं आणि कोणत्या तारखेचं? त्यात कोणते कायदे आहेत आणि कोणते नाहीत? टेस्टची मांडणी आणि प्रयोगाची मांडणी यांत काय बदललं? उपकरण कुणाच्या हातात आणि कुठे होतं? यातलं डिक्लरेशन बहुतेक नामांकित बोर्डांचं उत्पादकाच्या साइटवर मिळतं. दोन पानांचा कागद असतो, वाचायला दहा मिनिटं लागतात.

आणि उपकरण लोकांच्या घरी जाणार असेल, तर प्रस्तावाच्या बजेटमध्येच टेस्टचे पैसे धरा. मुंबईत ईआरटीएल, सॅमीर अशा सरकारी संस्थांकडे ईएमसी मोजणीची सोय आहे. प्रकल्प संपत आल्यावर धावपळ करण्यापेक्षा पहिला प्रोटोटाइप झाला की एकदा मोजून घेतलेलं बरं. तेव्हा एखादा फेराइट मणी लावून, केबल आखूड करून सुधारता येतं.

सीई व्यवस्थेवर माझं एकूण मत विचाराल तर ती मला आवडते. ती उत्पादकाला ‘तू बोललास, आता तू निस्तर’ म्हणते, आणि जबाबदारी ढकलायला जागा ठेवत नाही. तिचा कमकुवतपणा असा की वाचणाऱ्याला ती हे सांगत नाही. दोन अक्षरं बघून त्याला वाटतं, कुणीतरी मोठं माणूस हमी देतंय. कायदा ती समजूत दुरुस्त करू शकत नाही, छापलेल्या चिन्हात तेवढी जागाच नाही. आपल्या थिसिसमध्ये मात्र जागा भरपूर असते.

पुढच्या वेळी मेथडॉलॉजी लिहायला बसाल तेव्हा ‘सर्टिफाइड’, ‘स्टँडर्ड’, ‘व्हॅलिडेटेड’ हे तीन शब्द शोधा, आणि प्रत्येकासमोर ‘कुणी, कशाचं, केव्हा’ लिहून बघा. उत्तर मिळालं तर शब्द राहू द्या. नाही मिळालं तर खोडा.